दुपारी गिरणी बंद राहील

आमच्या घरात कोणी हळू बोलत नसे. हळू बोललं तरी ऐकणार कोण? डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला आमची पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या बरोबर डोक्यावर आमची राहती खोली. सकाळी बाबा खाली जाऊन खटका दाबायचे आणि अख्खं घर थरथरायला लागायचं. मांडणीतली ताटं किणकिणायची, माठातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठायची, भिंतीवरचा आजोबांचा फोटो हळूहळू डावीकडे कलायचा आणि आई "सरळ बसा मामंजी" म्हणत तो नीट करायची. नवीन पाहुणे आले की बावरून इकडेतिकडे बघत बसायचे. आम्ही विचारायचो, काय झालं? ते म्हणायचे, "हा आवाज..." आणि आम्ही अगदी मनापासून विचारायचो, "कुठला आवाज?" यात थट्टा नव्हती. जन्मापासून कानात असलेली ती घरघर आम्हाला खरोखरच ऐकू येत नसे.

पीठ मात्र दिसायचं. बाबांच्या भुवया बाराही महिने पांढऱ्या. माझ्या वेणीत पीठ, दप्तरात पीठ, देवाच्या फोटोंवर पीठ. ज्वारी दळली जात असली की जिन्यात गोडूस वास यायचा आणि आई वर तवा ठेवायची. अजून कोमट असलेल्या पिठाची भाकरी, तिच्यावर लसणाची चटणी आणि तेलाची धार, हे ज्यांनी खाल्लेलं नाही त्यांची मला आजही कीव येते. मिरचीची चक्की वेगळी होती, मागच्या बाजूला, आणि मसाल्याच्या दिवसांत आम्ही सगळे एकमेकांना शिंकांनीच उत्तरं द्यायचो. बाबांची एक सवय होती. झिजलेल्या दगडांना छिन्नीने नवी टाकी लावून गिरणी परत जोडली की ते ती सुरू करायचे, तिच्या अंगावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळाने म्हणायचे, "बसलं!" त्यांनी असं म्हटलं की मगच पहिला डबा आत ओतला जाई. मी लहानपणी त्यांची नक्कल करायचे. चहाच्या कपावर हात ठेवून "बसलं!" म्हणायचे आणि मार खायचे.

या घरात जयवंतने एक कॅसेट आणली. जयवंत ठाण्याच्या कोपरीतला, कोळ्यांचा मुलगा, माझ्या कॉलेजात माझ्याच वर्गात. त्याचे काका मांडव आणि लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे, त्यामुळे वर्गात शिक्षक बोलत असताना हा वहीच्या पाठीमागे स्पीकरची खोकी काढत बसे. मी पेटी शिकलेली, गाण्याची आवड, म्हणून आमचं जमलं. कॅसेट कोणाच्यातरी चुलतभावाने गोव्याहून आणलेली, तिच्यावर नाव नाही, गाव नाही.

"वैजू, ऐक," तो म्हणाला. "एकदम वेगळा माल आहे. याला ट्रान्स म्हणतात."

आम्ही ती आमच्या टेपवर लावली. आई तांदूळ निवडत बसली होती. धप धप धप सुरू झालं, मग त्यावर एक गुणगुण आली, मग दुसरी, मग काहीतरी चमचमत वर चढायला लागलं. बराच वेळ गेला. आईने शेवटी मान वर करून विचारलं, "गाणं कधी सुरू होणार?"

"काकू, हेच गाणं आहे."

"मग गाणारी कुठेय?"

"यात गाणारी नसते, काकू."

आईने क्षणभर विचार केला. "घसा बसला असेल बिचारीचा," ती म्हणाली आणि पुन्हा खडे शोधायला लागली.

मला मात्र हसूही आलं नाही. मी टेपला जवळजवळ कान लावून बसले होते. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते, दर वेळी किंचित बदलते, आणि आपण वाट बघत राहतो. कशाची ते कळत नाही, पण सोडवत नाही. टेप संपली तेव्हा मी जयवंतला म्हटलं, "हे आपण करायचं." तो म्हणाला, "मी तेच सांगायला आलेलो." आम्ही दोघं इतके हसायला लागलो की खालून बाबांनी विचारलं, काय सांडलं म्हणून.

स्टुडिओ म्हणजे आमच्या खोलीचा एक कोपरा, कपाटाच्या पलीकडचा. संगणक माझाच होता, जुना, हिशेबाचं काम शिकायला म्हणून घेतलेला. संगीताचा प्रोग्राम जयवंतच्या मित्राने फ्लॉपीवर दिला; त्यात सूर म्हणजे पडद्यावर खालून वर सरकणाऱ्या आकड्यांच्या रांगा. कीबोर्ड कोपरीच्या एका बेंजो पार्टीने टाकून दिलेला, त्याची एक पट्टी दाबली की वरच यायची नाही, तिला आम्ही केसांची पिन लावून उचलायचो. छोटा मिक्सर काकांच्या गोदामातला. भिंती आवाज परत फेकतात असं जयवंतने कुठेतरी वाचलं होतं, म्हणून आम्ही खालून धान्याची रिकामी पोती आणून भिंतीला टांगली. दुसऱ्या दिवशी पोत्यांतून सोंडे बाहेर पडले आणि रांगेने संगणकावर चढले. पिठाचा बंदोबस्त आईने केला. तिने सगळ्या यंत्रांवर मच्छरदाणी लावली. आम्ही आत, मच्छरदाणीत शिरून, संगीत करायचो. येणारेजाणारे डोकावून बघायचे आणि मला मलेरिया झालाय का विचारायचे. एका शेजारणीने मुलगा आणि मुलगी एका मच्छरदाणीत बसतात म्हणून आईकडे तक्रार केली. आई म्हणाली, "त्यांचं आत काय चाललंय ते खाली डबे घेऊन उभ्या असलेल्यांनाही ऐकू येतं. अजून काय पाहिजे?" जयवंतशी पुढे लग्न केलंस का, असं मला आजही लोक विचारतात. नाही केलं. तो माझा मित्र होता आणि आहे, आणि त्याच्या बायकोच्या हातची कोळंबी मी अजून खाते.

आम्ही महिनाभर तरी त्या एका गाण्यावर होतो. एक दणका जमवायचा, त्यावर खालचा सूर, त्यावर मधली गुणगुण, वर चमचम, आणि मग प्रत्येकाला किती पुढे आणायचं, किती मागे ढकलायचं ते ठरवायचं. यालाच मिक्सिंग म्हणतात हे आम्हाला ठाऊक होतं, ते कसं करतात हे ठाऊक नव्हतं. "खालचा सूर जास्त होतोय," मी म्हणायचे. "कर कमी," जयवंत म्हणायचा. "अजून जास्त वाटतोय." "अजून कमी कर." असं करत करत आम्ही तो जवळजवळ तळाला नेला, आणि काय गोड वाटायला लागलं! छाती भरून यायची. संध्याकाळी मात्र एक विचित्र प्रकार घडायचा, गाणं अचानक पळत सुटल्यासारखं वाटायचं. आम्ही संगणकाला शिव्या द्यायचो. संध्याकाळी व्होल्टेज उतरतं आणि खाली गिरणी मंदावते, ही गोष्ट आम्हा दोघांपैकी एकाच्याही टाळक्यात आली नाही.

इकडे मामाने माजिवड्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात माझ्या नोकरीचं बोलून ठेवलं होतं. हिशेब लिहायचे, सकाळी जायचं, दिवेलागणीला यायचं. नोकरी वाईट नव्हती. पण ती घेतली की हे संपलं, हे मला कळत होतं, कारण आमच्या खोलीत रात्री काही करताच यायचं नाही. जेवणं झाली की त्याच कोपऱ्यापर्यंत अंथरुणं पडायची. मी रडले, जेवले नाही, जे काय करायचं ते सगळं केलं. शेवटी बाबा म्हणाले, "जयवंतच्या ताईची हळद आहे ना? तिथे वाजव तुझं ते. लोकं नाचली तर मामाला मी सांगतो. नाही नाचली तर मामा सांगेल तसं करायचं. कबूल?" मी कबूल म्हटलं. कोपरीतले लोक हळदीला नाचणार नाहीत हे शक्यच नाही, असा माझा हिशेब होता.

हळद शुक्रवारी संध्याकाळी होती. गुरुवारी सकाळी आम्ही आमच्या गाण्याची कॅसेट घेऊन जयवंतच्या काकांच्या गोदामात गेलो, मोठ्या स्पीकरवर एकदा ऐकावं म्हणून. गोदामाबाहेर जयवंतच्या घरातल्या बायका हळदीच्या तयारीला बसल्या होत्या, मध्यभागी त्याची हिराआत्या, आवाज खाडीपलीकडे जाईल असा. जयवंतने खटका दाबला.

आणि त्या माणसाएवढ्या स्पीकरमधून चिवचिव बाहेर आली. नुसती चिवचिव. दणका म्हणजे कोणीतरी पुठ्ठ्यावर टिचकी मारतंय असा.

हिराआत्या कमरेवर हात ठेवून आत आली. "काय गो बाय, याला बूडच नाय! नुसत्या चिमन्या वराडतान. आमी नाचाचा कशावर?"

बायका खो खो हसल्या. जयवंतने तारा काढून परत लावल्या, स्पीकर बदलला, शेवटी ती गोव्याची कॅसेट लावली. गोदामाचा पत्रा हादरला. म्हणजे स्पीकर ठणठणीत होता. खोट आमच्यात होती.

तसेच घरी निघालो. वर आलो, मच्छरदाणीत शिरलो, तीच कॅसेट लावली. आणि छाती दणाणली! तोच खोल, गोल, भरलेला आवाज. "अगं हे काय आहे?" जयवंत ओरडला. "ठाण्याची हवा लागते काय याला?" आम्ही परत लावली. परत तेच, भरदार, सुंदर. मी कानावर हात ठेवून काढले. मला वाटलं आता आपल्याला वेड लागणार.

तेवढ्यात खाली कोणाच्यातरी गव्हातून खिळा निघाला. बाबांनी गिरणी बंद केली.

आमच्या गाण्याचं बूड गेलं. एका क्षणात. टेप चालूच होती, चिवचिव चालूच होती, फक्त तिच्याखालची जमीन कोणीतरी काढून घेतली होती. बाबा जिन्यात आले, पिठाने माखलेले, आणि म्हणाले, "बंद का केलंस गं? चांगलं चाललेलं."

"मी नाही केलं, बाबा," मी म्हटलं. "तुम्ही केलंत."

आम्ही तिघंही त्या चिवचिवणाऱ्या टेपकडे बघत राहिलो. मग जयवंतला हसू फुटलं. तो पोत्यांवर आडवा झाला, मी त्याच्या पाठीत बुक्के मारत हसत होते, आणि हसता हसता मी रडायला लागले. महिनाभर आम्ही आमच्या गाण्यातला खालचा सूर कमी कमी करत गेलो होतो, कारण तो आमच्याकडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत फुकट वाजत होता. हेडफोन होते, वॉकमनबरोबर आलेले, पण त्यांत खालचा सूर कधी येतच नसे, म्हणून त्यांचं आम्ही मनावर घेतलं नव्हतं. शुक्रवारी गिरणी बंद असायची, पण ती वीज नसायची म्हणून. मग संगणकही बंद. आमच्या घरात संगणक चालू आणि गिरणी बंद असा एक दुपारचा तास माझ्या आठवणीत नव्हता.

जयवंतचं म्हणणं, गिरणीचाच आवाज भरून गाण्यात घालू. बाबांना घटकाभर रिकामी गिरणी फिरवायला लावून त्याने माईक खाली तिच्यापाशी धरला. टेपवर आलं ते पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं. बाबा जिन्यात उभे राहून सगळं ऐकत होते. लग्नसराई, त्यात वर्षाचं धान्य भरायचे दिवस. खाली डब्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. त्यांनी विचारलं, "तुला हे सारखं करायला गिरणी बंद पाहिजे. असंच ना?"

मी मान हलवली. त्यांना हे सांगायची माझी हिंमत झाली नसती.

बाबा खाली गेले. आम्हाला वाटलं, खिळा निघालाय, आता ते पुन्हा खटका दाबून दळायला घेणार. पण त्यांचा आवाज आला, रांगेला सांगणारा. "संध्याकाळपर्यंत बंद. दगडात खिळा अडकलाय." आमचे बाबा पावशेर पिठाचीही लबाडी न करणारे. रांगेत कुरकुर झाली. काही बायका डबे तिथेच ठेवून, त्यांच्यावरच बसून राहिल्या.

आणि मग मला पहिल्यांदा आमचं घर ऐकू आलं. माठ ठिबकत होता. कुठेतरी कावळा होता. आईच्या बांगड्या एकमेकींवर घासत होत्या. बाबा वर येऊन नेहमीसारखे ओरडले, "पाणी दे गं!" आणि स्वतःच्याच आवाजाला दचकले. इतके ओशाळले की तांब्या हातात घेऊन पुटपुटले, "एवढ्या मोठ्याने बोलतो होय मी?" आईने त्यांना काहीतरी हळूच उत्तर दिलं. आईचा आवाज इतका मऊ आहे हे मला त्या दुपारी कळलं. तोवर मी तो फक्त ओरडतानाच ऐकला होता.

आम्ही कामाला लागलो. आता आमचं गाणं खरं दिसत होतं, म्हणजे किती उघडंनागडं होतं ते. खालचा सूर वर आणला तर मधली गुणगुण बुडाली. ती काढली तर चमचम कानात टोचली. जयवंत म्हणे हे उतरव, मी म्हणे ते चढव. आम्ही भांडलो, पिनेने पट्ट्या उचलल्या, दणका पुन्हा नव्याने बसवला. आईने कपबशा आणून ठेवल्या त्या आवाज न करता. उन्हं उतरायला लागली तेव्हा मी सगळं एकत्र करून खटका दाबला. दणका आला. त्याच्याखाली तो सूर आला, आमचा, आम्ही केलेला. मांडणीतली ताटं किणकिणायला लागली.

खालून एक बाई खणखणीत आवाजात ओरडली, "ओ भाऊ! गिरणी सुरू झाली ना? डबा आणू का आत?"

मी मच्छरदाणीसकट उडी मारली. दोऱ्या तुटल्या, जाळी आमच्या अंगावर आली, आणि आम्ही दोघं त्या जाळीत कोळंबीसारखे तडफडत ओरडत होतो, "डबा आणू का! डबा आणू का!" आजवर माझ्या कामाची बरीच तारीफ झाली आहे, मी पुढे आयुष्यभर हेच काम केलं, मालिकांचं, जाहिरातींचं. पण त्या बाईइतकी दाद मला कोणी दिलेली नाही.

शुक्रवारी कोपरीत मांडवभर माणसं, हळदीचा वास, तळलेल्या बोंबलांचा वास. बेंजो पार्टी थांबली आणि जयवंतने आमची कॅसेट लावली. धप धप धप. लोक उभे राहिले, हातातलं तसंच धरून, गाणं कधी सुरू होतं याची वाट बघत. कोणी हलेना. गुणगुण आली, दुसरी आली, चमचम चढत चढत गेली, आणि मग आम्ही जिथे दणका रोखून धरला होता तिथून तो खालच्या सुरासकट सुटला.

हिराआत्याने हळदीने माखलेले दोन्ही हात वर केले. "आता कसा!" ती गरजली. आणि ती मध्यभागी आली, तिच्यामागून सगळ्या बायका, नवरी, नवरीचे मामा, बेंजोवाले सुद्धा. मांडव वरखाली व्हायला लागला. कॅसेट संपली की "परत, परत!" असा गलका, आणि जयवंत परत लावायचा. माझ्या गालांना कोणीतरी हळद फासली. आई टाळ्या वाजवत माझ्या कानात ओरडली, "अगं, याला गाणारी नकोच होती!"

मी बाबांना शोधत होते. ते गर्दीत नव्हते. ते स्पीकरच्या खोक्यापाशी उभे होते, धुतलेला सदरा, भुवया तरीही पांढऱ्या. त्यांनी तळहात खोक्यावर ठेवला होता आणि डोळे मिटले होते. इतक्या गोंगाटात मला काही ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण त्यांचे ओठ हलले ते मी पाहिलं. "बसलं."

मामाला त्यांनी काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. मी माजिवड्याला गेले नाही, एवढं खरं. शनिवारी सकाळी खाली उतरले तर गिरणीच्या दाराला पत्र्याची एक पाटी टांगलेली, खडूने लिहिलेली, बाबांच्या तिरक्या अक्षरात: दुपारी गिरणी बंद राहील. ती पाटी पुढे कित्येक वर्षं तिथे होती. खडू पुसला की ते पुन्हा गिरवायचे. दुपारी कोणी डबा घेऊन आलं की थट्टा करायचं, "डोंबिवलीत पुणं आणलंत की हो भाऊ! झोपता काय?" बाबा म्हणायचे, "वय झालं आता." बाबा दुपारी कधीच झोपले नाहीत. मी वर काम करत असायचे आणि ते खाली पायरीवर बसून असायचे, रिकाम्या हाताने. कोणी डब्याचं झाकण वाजवलं की ते वर, आमच्या खिडकीकडे बघायचे आणि ओठांवर आपलं पिठाने भरलेलं बोट ठेवायचे.